लग्नाआधी बहिणीचं डाएट: पाळी थांबली, केस गळतायत. एकदम बंद करायला लावू का?

अमळनेरची_थोरली

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय.

धाकटी बहीण, वय 24, उंची पाच फूट दोन इंच. संक्रांतीला वजन 61 होतं. सोयरीक जमली, लग्न आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) धरलंय. साखरपुड्याचे फोटो बघून तिकडची एक मावशी बोलून गेली, "पोरगी गोड आहे, जराशी भरलेली आहे एवढंच." तेवढं पुरलं. मैत्रिणीनं एका व्हॉट्सॅप ग्रुपात घातलं आणि घरात पावडरीचा डबा आला.

तिचं रोजचं खाणं असं: सकाळी पावडर एक माप, पाण्यात. दुपारी काकडी-टमाट्याची ताटली आणि अर्धी वाटी उकडलेले मूग. संध्याकाळी एक सफरचंद. रात्री परत पावडर. डब्यावर एका मापाला 95 कॅलरी छापलंय. भाकर, पोळी, भात, डाळ, तेल सगळं बंद. झोपताना "स्लिमिंग" चहा घेते, त्यानं सकाळी तीन-तीनदा पळावं लागतं. ग्रुपात रोज काट्याचा फोटो टाकायचा, कमी झालं की टाळ्या.

आज 52 आहे, तिला 48 हवंय. पाळी दोन महिने आलेली नाही. न्हाणीच्या जाळीत केसांचा गुंता अडकून पाणी तुंबतं. मागच्या आठवड्यात बँकेत रांगेत उभी असताना डोळ्यापुढे अंधारी आली, वॉचमननं खुर्ची दिली. मार्चमध्येच इथं ऊन इतकं, पण तिचे हातपाय गार.

मला सगळ्यात जास्त काय खटकलं ते सांगते. होळीला पुरण तिनंच वाटलं, खापरावर मांडे तिनंच टाकले, सगळ्यांना वाढलं आणि समोर बसून आमच्या तोंडाकडे बघत राहिली. "गोड झालंय ना? तूप घे ना अजून, अजून एक घे." स्वतः काकडी. रात्री बारा-साडेबारापर्यंत मोबाईलवर रेसिपीचे व्हिडिओ. जी गोष्ट खायची नाही ती बघायची कशाला?

आई म्हणते, "लगीन व्हई जाऊ दे, मंग खाय पोटभर. आते नको टोकू तिले." मी सासरी, आठवड्यातून एकदा जाते, त्यामुळे माझं कोण ऐकणार. हे घाबरण्यासारखं आहे का? एकदम बंद करायला लावू की हळूहळू? कोणत्या डॉक्टरला दाखवू?

---

फिट_खान्देश

ताई, उगाच पॅनिक होऊ नका. मी असल्याच प्लॅनवर 14 किलो उतरवले, आज ठणठणीत आहे. केस गळणं, चक्कर येणं म्हणजे शरीरातले टॉक्सिन बाहेर पडतायत, चांगलं लक्षण आहे. आपल्याकडे तेलाची तर्री ओतून शेवभाजी खायची आणि मग शुगर-बीपीच्या गोळ्या, त्यापेक्षा हे बरं. बहिणीला मोटिव्हेट करा, मागे खेचू नका.

---

कळण्याची_भाकर

फिट_खान्देश भाऊ, डबे विकता का तुम्ही? विकत असाल तर तसं आधी सांगावं माणसानं. केसांच्या मुळातून टॉक्सिन निघत नसतं. ते काम लिव्हर आणि किडनीचं, आणि त्यांना ते करायला डब्याची गरज लागत नाही. तर्रीबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे.

आता थोरल्या ताईंसाठी. मी धुळ्यात आहारतज्ज्ञ आहे. आधी बरीच वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघराचं बघायचे, आता स्वतःकडे पेशंट बघते. लग्नसराईच्या तोंडावर अशा पोरी येतातच. आणणारी बहुतेक वेळा थोरली बहीण नाहीतर वहिनी असते, आई क्वचित.

पहिल्यांदा हिशेब मांडू. पावडर दोनदा, 190. मूग 75 धरा, सफरचंद 80, काकडी-टमाटे 40. बेरीज चारशेच्या आतच. आठशेच्या खालचा आहार फार लठ्ठ माणसाला, डॉक्टरच्या देखरेखीत, ठरावीक मुदतीपुरता आणि मधूनमधून रक्त तपासून देतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये जी आहाराची मार्गदर्शिका काढली तिच्यातही वजन उतरवताना दिवसाला हजार कॅलरीच्या खाली जाऊ नका असंच सांगितलंय. आठवड्याला अर्धा किलो हा सुरक्षित वेग. तुमची बहीण त्याच्या दुपटीनं उतरलीय. आणि मुळात ती होती कुठं? 61 किलोला तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 24.6. आपल्या लोकांसाठी 23 च्या वर जास्त आणि 25 पासून लठ्ठ धरतात. म्हणजे जेवण जरा आवरून रोज पाऊण तास चाललं तरी भागलं असतं. आज ती 21 वर आहे, तिला काही कमी करायचंच उरलेलं नाही.

हे नऊ किलो कशाचे? पहिल्या आठवड्यातले दीड-दोन किलो बरेचसे पाण्याचे. लिव्हरात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन. त्यातल्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साठा संपला की पाणी जातं, काटा खाली येतो आणि ग्रुपात टाळ्या वाजतात. पुढे चरबी जाते हे खरं, पण तिच्याबरोबर मांस पण जातं, कारण या ताटात पुरेशी प्रथिनं नाहीतच. 52 किलोच्या बाईला साध्या दिवशीही 43 ग्रॅम लागतात. मांस कमी झालं की बसल्याजागी जळणारं इंधन पण कमी होतं, आणि शरीर त्याहूनही जास्त हात आखडतं. हातपाय गार पडतात ते त्यामुळे. लग्नानंतर साधं जेवायला लागली की वजन भराभर परत येतं, तेही याचमुळे.

विहीर आटली की आपण सगळ्या वावराला पाणी देत बसत नाही, जगवायचं तेवढंच जगवतो. शरीर तसंच करतं. हृदय-मेंदूचं आधी. केस आणि पाळी सगळ्यात शेवटी. मेंदूतून बीजकोषांना जाणारा निरोपच थांबतो, म्हणून पाळी बंद. त्यात इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन उतरतं, आणि ज्या वयात हाडं भरायची त्या वयात ती झिजायला लागतात. हे लगेच दिसत नाही म्हणून कोणी मनावर घेत नाही. केसांचं मात्र दिसतं. उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी गळती सुरू होते, आणि खाणं सुधारल्यावरही काही महिने चालू राहते. तिला हे आत्ताच सांगून ठेवा. नाहीतर दोन भाकरी खाऊन केस थांबले नाहीत की म्हणेल, बघ, जेवूनही गळतातच.

आता होळीच्या त्या पुरणाच्या मांड्यांचं. तुम्ही विचारलं की खायचं नाही तर बघायचं कशाला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्या राजीखुशीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. दिवसाला साधारण 1,570 कॅलरी. म्हणजे तुमच्या बहिणीच्या चौपट! ते पुरुष होते, त्यांना चालायलाही लावायचे, तरी आकडा लक्षात घ्या. त्या पोरांना अन्नापलीकडे काही सुचेना. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, पाककृती जमवायचे, एवढंसं जेवण तासन्‌तास चिवडायचे. चिडचिड, उदासी, थंडी वाजणं, सगळं झालं. आधी ती चांगली खातीपिती, मनानं घट्ट पोरं होती. तेव्हा बहिणीला "नाटकं करते" म्हणू नका, आणि "केवढी जिद्द" असंही म्हणू नका. भुकेलेला मेंदू असाच वागतो. दिवसातून चार वेळा काट्यावर चढत असेल, आरशापुढून हलत नसेल, खाल्लं की रडत असेल, तर मानसोपचारवाल्याला पण दाखवायचं. घरचे तयार होत नसतील तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात.

चहा आजच बंद. हळूहळू वगैरे नाही, आजच. असल्या चहात बहुधा सोनामुखी असते, तिनं जुलाब होतात आणि जुलाबातून पोटॅशियम जातं. चरबी त्यातून एक ग्रॅम जात नाही. पोटॅशियम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. 1977 च्या सुमारास अमेरिकेत "लिक्विड प्रोटीन"ची अशीच लाट आली होती. जनावराच्या चामड्या-हाडांतलं कोलॅजेन, दिवसाला तीन-चारशे कॅलरी, बाकी काही नाही. पन्नासाहून जास्त माणसं दगावली. त्यात धडधाकट तरुण बायाही होत्या, हृदयाची लय बिघडून गेल्या.

आणि खाणं एकदम सुरू करायचं का? ताई, हा तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे, सहसा कोणी विचारत नाही. 61 मधले 9 गेले म्हणजे जवळजवळ 15 टक्के. एवढं झपाट्यानं गेलेलं असताना एकदम पुरणपोळी-आमरसाचं ताट पुढं ठेवलं तर इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. महायुद्धानंतर सुटलेले उपाशी कैदी पोटभर जेवून मेले ते यामुळे. तुमच्या बहिणीचं तितकं टोकाला गेलंय असं मला वाटत नाही, पण आधी रक्त तपासा आणि मग पंधरा दिवसांत पायरीपायरीनं वाढवा.

एमडी मेडिसिनवाल्या डॉक्टरला दाखवा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी12, सोडियम-पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), लिव्हरच्या तपासण्या, साखर, ईसीजी. पाळी चुकलीय म्हणजे गरोदरपणाची तपासणी पहिली करतील. कुमारिकेची सुद्धा करतात, तो नियमच आहे. आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर दवाखान्यातच महाभारत होईल.

---

रावेरचा_केळीवाला

भाकरताईंनी पित्ताशयाचं लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. आमचे साडू, सावद्याचे. वजन शंभराच्या वर. कोणाच्या तरी सांगण्यावरून फळं आणि बिनलोण्याचं ताक, बाकी बंद. घरचीच केळी, काय कमी. दोन-अडीच महिन्यांत इतके उतरले की पँटी सगळ्या नव्या शिवल्या. मग एका लग्नात भरीत-पुरीवर हात मारला आणि रात्री उजव्या बरगडीखाली कळ, ती पार खांद्यापर्यंत. अॅसिडिटी म्हणून सोडा पीत बसले. भुसावळला सोनोग्राफी केली तर पिशवीत खडे. दुर्बिणीतून पिशवी काढावी लागली.

सर्जन म्हणाले, झपाट्यानं वजन उतरवणाऱ्यांत हे नेहमीचं. लिव्हर पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, आणि पोटात तेल-तूप गेलं नाही की पिशवी आकुंचन पावत नाही, पित्त आत साचून राहतं.

---

मेडिकलवाला_चोपडा

काउंटरवर बसून बघतो ते सांगतो. ताईंची बहीण 24 ची आहे, पण हेच डबे पन्नाशीची शुगरवाली माणसं पण घेतात आणि गोळ्या तशाच चालू ठेवतात. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेऊन जेवण सोडलं की साखर खाली आपटते. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, याही शुगरच्याच गोळ्या, चालू असताना भाकर-भात पूर्ण बंद केला तर रक्तात कीटोन वाढून अॅसिड होतं. त्यात साखर फारशी वाढलेलीच दिसत नाही, म्हणून घरच्यांना कळत नाही. बीपीच्या गोळ्यांचंही तसंच, वजन उतरलं की डोस जास्त व्हायला लागतो. डॉक्टरला विचारल्याशिवाय असल्या माणसानं डाएट करू नये, आणि मनानं गोळ्याही सोडू नयेत.

डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर बघून लोक म्हणतात, सरकारमान्य आहे. तो खाद्यपदार्थाच्या धंद्याचा परवाना असतो. वजन उतरेल याची हमी त्यात नाही. "आयुर्वेदिक" म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या कॅप्सूलपासून तर चार हात लांब राहा. सिब्युट्रामिन हे औषध हृदयाच्या धोक्यामुळे 2010 मध्ये अमेरिका-युरोपात बंद झालं, 2011 मध्ये आपल्याकडे. पण स्लिमिंगच्या "हर्बल" मालात त्याची भेसळ जगभर सापडत आलीय. ग्रीन टीच्या अर्काच्या तीव्र गोळ्यांनी लिव्हर सुजल्याच्या केसेस पण आहेत. साधा कपातला ग्रीन टी वेगळा.

---

फिट_खान्देश

हो, विकतो डबे. चोरी आहे का? पण तो चहा आमचा नाही, आम्ही जुलाबाचं काही देत नाही. आणि मी रात्री एक भाकर खातच होतो, हे पण लिहितो.

---

अमळनेरची_थोरली

सगळ्यांचे आभार. रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन 8.9, फेरिटिन 6, पोटॅशियम 3.1, फॉस्फेट 2.6. टीएसएच, लिव्हर, ईसीजी ठीक. ती दुसरी तपासणी निगेटिव्ह. आई तरी दोन तास बोलली नाही डॉक्टरांशी. पण पोटॅशियमचा आकडा वाचून डॉक्टरांनी जे तोंड केलं ते तिनं पाहिलं, घरी आल्यावर चहाचं पाकीट तिनंच चुलीत घातलं. पोटॅशियमचं औषध आणि लोहाच्या गोळ्या दिल्यात. फॉस्फेट कडेला आहे म्हणाले, चार दिवसांनी परत तपासायचंय. जेवण हळूहळू वाढवा म्हणाले, पण काय आणि किती ते नीट कळलं नाही.

आणि एक नवीनच. चैत्रात गल्लीतल्या बायका वणीला पायी जातात सप्तशृंगीला, तिनं नवस बोललाय की मी पण जाणार, आणि वाटेत फक्त फळं. आई म्हणते देवीच्या कामात नाही म्हणू नये.

---

कळण्याची_भाकर

8.9 म्हणजे अॅनिमिया आहेच. बायकांत 12 च्या खाली अॅनिमिया धरतात. फेरिटिन 6 म्हणजे लोहाची कोठी रिकामी. हे दोन महिन्यांत झालेलं नाही, आधीपासून कमी असणार, डाएटनं उरलंसुरलं नेलं. आपल्या देशात निम्म्याहून जास्त बायकांचं असंच आहे. शिवाय लोह कमी असलं की केस गळतातच, तेव्हा गोळी चुकवू देऊ नका. गोळी आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, लिंबू पिळलेलं चालेल. शौच काळी होईल, ते गोळीमुळे, घाबरू नये.

खाण्याचं असं करा. पहिले चार दिवस, पुढची तपासणी होईपर्यंत, आत्ताच्या खाण्यात दोनदा अर्धी भाकर आणि वाटीभर घट्ट डाळ घाला, पावडर पाण्याऐवजी दुधात. पावडर लगेच हिसकावू नका, तिला तो आधार वाटतो, आपोआप सुटेल. रिपोर्ट बरा आला की दोन वेळा पूर्ण भाकर, शक्यतो कळण्याची, ज्वारीत उडीद असल्यानं प्रथिनं जास्त पडतात. एक अंडं, खात नसेल तर दही आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. भाजीला दोन चमचे तेल. भरीत करा की, वांग्यानं कोणी जाड होत नाही, जाड होतं ते त्यावर ओतलेल्या तेलानं. खिचडीवर कच्चं तेल घ्यायची आपली सवय, तेवढं तिला चमचाभरच द्या. दोन-तीन आठवड्यांत 1,500 च्या आसपास आणू, मग तिथून वर. वजन किलो-दोन किलो एकदम वाढेल, ते परत भरलेलं पाणी आणि साखरेचा साठा. तिला आधीच सांगा, नाहीतर काटा बघून परत काकडीवर जाईल. खरं तर काटाच तुमच्या घरी घेऊन जा आणि आठवड्यातून एकदा तुमच्या समोर चढू द्या. तो व्हॉट्सॅप ग्रुप सोडायला लावा.

पाळी लगेच येणार नाही, काही महिने लागू शकतात. तीन महिन्यांच्या वर गेली तर स्त्रीरोगवाल्यांना दाखवायचं. लग्नात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या लागतात म्हणून कोणी आणून देईल, त्या या परिस्थितीत मनानं घेऊ नयेत.

अजून एक, तुम्हाला लागू नसेल पण नंदुरबार-शिरपूरकडच्या कोणी हे वाचत असेल तर. आपल्या सातपुड्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. ज्याला तो आजार आहे त्यानं उपाशी किंवा कमी पाण्यावर राहू नये, अंग दुखण्याचा झटका येतो. सरकारी दवाखान्यात तपासून मिळतं.

वणीला पायी नाही. पोटॅशियम 3.1, रक्त 8.9, वर चैत्रातलं ऊन आणि डांबरी रस्ता, त्यात फळांवर. ही पोरगी मधेच कुठंतरी आडवी होईल आणि तुम्ही अमळनेरात फोन घेऊन बसाल. आईला सांगा, नवस मोडायचा नाही, एस.टी.नं जायचं. नांदुरीवरून गडावर गाडी जाते, आणि पायऱ्या चढायच्या नसतील तर 2018 पासून वर ट्रॉली आहे. देवीची साडी-चोळी न्या, ओटी भरा, आणि गडावर प्रसादाला बसलात की तिच्या ताटात काय वाढलं जातंय ते तुम्ही शेजारी बसून बघा. निघायच्या आठवड्यात पोटॅशियम परत करून घ्या, 3.5 च्या वर आलं की मला इथंच कळवा.